हिब्रू अक्षरांना रंग असतात का? बायबलमधील नावे, त्यांचे शब्दधातू आणि फलकासाठी रंगांची निवड

प्रश्न असा आहे : चर्चच्या सभागृहासाठी एक मोठा कापडी फलक करावयाचा असून त्यावर आदाम, एसाव, लाबान, यहूदा, योसेफ आणि राहाब ही सहा नावे हिब्रू लिपीत भरतकामाने काढावयाची आहेत. प्रत्येक अक्षर त्याच्या सांकेतिक अर्थाला शोभेल अशा रंगाच्या धाग्याने भरावे, अशी प्रश्नकर्त्या भगिनींची इच्छा आहे. त्यांच्याजवळ दोन तक्ते आहेत. एकात अलेफ पांढरे आणि शीन सोनेरी आहे, पण आधार कोणताच दिलेला नाही. दुसऱ्यात अलेफ फिकट पिवळे, मेम गडद निळे आणि शीन शेंदरी आहे. यांपैकी प्रमाण कोणता मानावा, आणि अक्षरांचे रंग एकत्र करून नावाचा अर्थ लावता येतो का, असे त्यांनी विचारले आहे.

मी अनेक वर्षे मराठी विद्यार्थ्यांना बायबलची हिब्रू शिकवीत आलो आहे आणि चित्रकार, शिल्पकार व भरतकाम करणारे यांचा हिब्रू मजकूर तपासून देण्याचे कामही माझ्याकडे येत असते. त्या अनुभवावरून सांगतो की, अक्षराला रंग नेमून देणारा तक्ता बायबलमध्ये कोठेही नाही आणि तालमुद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातही नाही. नावांना मात्र रंग आहेत; काही नावांना ते धातूतून, म्हणजे शब्दाच्या मुळातून, आले आहेत, काहींना कथेतून, तर काहींना फार नंतरच्या भाष्यांतून. म्हणून खरा प्रश्न दोन तक्त्यांमधून एक निवडण्याचा नसून, रंग अक्षराला द्यावयाचा की नावाला, हा आहे. माझे मत नावाच्या बाजूचे आहे आणि त्याची कारणे पुढे देतो.

प्रथम अक्षरांविषयी. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे असून ती सर्व व्यंजने आहेत. अलेफ म्हणजे बैल, बेत म्हणजे घर, मेम म्हणजे पाणी, आयिन म्हणजे डोळा, शीन म्हणजे दात, हे अर्थ काल्पनिक नाहीत. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १९०५ साली सिनाईच्या वाळवंटात सेराबित अल खादिम येथे जे कोरीव लेख मिळाले, त्यांत या अक्षरांची चित्ररूपे दिसतात, आणि १९१६ साली अ‍ॅलन गार्डिनर यांनी त्या चिन्हांच्या वाचनाचे सूत्र मांडले : चित्र ज्या वस्तूचे, त्या वस्तूच्या नावातील पहिला ध्वनी तेवढा घ्यावयाचा. घराचे चित्र दिसले की ‘ब’ वाचावयाचे, घराचा अर्थ तेथेच सोडून द्यावयाचा. आपण लहानपणी ‘ग गणपतीचा’ असे शिकलो. म्हणून ‘गजर’ या शब्दात गणपती दडलेला आहे, असे कोणी म्हणत नाही. तरीही ‘आव’ म्हणजे पिता या हिब्रू शब्दात बैल आणि घर आहेत, म्हणून पिता म्हणजे घराचे बळ, अशा व्युत्पत्ती सर्रास फिरत असतात. प्रवचनात ऐकावयास त्या बऱ्या वाटतात, परंतु हिब्रू शब्द तसे घडलेले नाहीत. हिब्रू शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून घडतो आणि अर्थ त्या धातूत असतो, सुट्या अक्षरात नसतो.

अक्षरांना सांकेतिक अर्थ देणारी एक जुनी यहुदी परंपरा आहे, हेही मान्य केले पाहिजे. सेफेर येत्सिरा या लहानशा ग्रंथात २२ अक्षरांचे तीन गट केले आहेत : अलेफ, मेम आणि शीन या तीन ‘माता’, सात ‘दुहेरी’ अक्षरे आणि बारा ‘साधी’ अक्षरे. अलेफचा संबंध वायूशी, मेमचा पाण्याशी आणि शीनचा अग्नीशी जोडला आहे. सात अक्षरांचा ग्रहांशी, बारांचा राशींशी व महिन्यांशी. रंगांची वाटणी मात्र तेथे नाही. ती आपल्या दुसऱ्या तक्त्यात जशी आहे तशी १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाकडून आली. त्यांनी सेफेर येत्सिरातील वायू, पाणी आणि अग्नी घेतले, त्यांना पिवळा, निळा आणि लाल हे रंग दिले, बारा राशींना मेष राशीच्या लालपासून सुरू होणारे रंगचक्र जोडले आणि त्याची सांगड भविष्यकथनाच्या टॅरो पत्त्यांपैकी २२ पत्त्यांशी घातली. ती रचना चतुर आहे, तिला तिची अंतर्गत शिस्त आहे, आणि कोणाला ती वापरावयाची असेल तर माझी हरकत नाही. परंतु ‘बायबलच्या काळातील अर्थ’ म्हणून ती चर्चच्या भिंतीवर लावणे योग्य होणार नाही. पहिल्या तक्त्याला आधारच दिलेला नसल्यामुळे तो मी बाजूला ठेवतो.

अक्षरांचे रंग मिसळून नावाचा अर्थ काढण्याची पद्धत तर कोणत्याच जुन्या परंपरेत नाही. अक्षरांच्या संख्यामूल्यांची बेरीज करण्याची गेमात्रिया ही पद्धत आहे. तिच्यानुसार आदामची बेरीज अलेफ १, दालेत ४ आणि मेम ४० मिळून ४५ होते, आणि रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, अशा बेरजांवरून पुष्कळ विवेचन केले आहे. पण तो संख्यांचा खेळ आहे, रंगांचा त्याच्याशी संबंध नाही. उलट, ज्या परंपरेने अक्षराला सर्वाधिक पवित्र मानले, तिने त्याला रंगवण्यास मनाईच केली. तोराची गुंडाळी काळ्या शाईनेच लिहावी लागते. देवाचे नाव सोन्याने लिहिलेली गुंडाळी वाचनात न आणता ठेवून द्यावी, असा रब्बींचा निर्णय आहे. अलिबागच्या परिसरातील बेने इस्राएल घरांच्या दारांवर जी मेझुझा असते, तिच्यातील चर्मपत्रावरही हाच नियम चालतो. सजावटीच्या फलकाला हे बंधन लागू नाही. मध्ययुगीन यहुदी हस्तलिखितांतही रंगीत व सोनेरी अक्षरे आहेत. एवढी काळजी मात्र घ्यावी की, देवाचे चार अक्षरी नाव फलकावर घेऊ नये, कारण ते एकदा लिहिल्यावर पुसणे वा फेकणे यहुदी लोक अनादर मानतात, आणि कापडी फलक कधी ना कधी जुना होणारच.

आता नावांकडे येतो. आदाम हे नाव या विषयात सर्वांत समृद्ध आहे. अलेफ-दालेत-मेम या सांगाड्यात हिब्रूने पुष्कळ काही बसवले आहे : आदाम म्हणजे मनुष्य, आदामा म्हणजे माती, आदोम म्हणजे तांबडा, आणि अलेफ काढले तर दाम म्हणजे रक्त. उत्पत्ती २:७ मध्ये देव मनुष्याला जमिनीच्या मातीपासून घडवतो, तेथे आदाम आणि आदामा हे शब्द जाणूनबुजून शेजारी ठेवले आहेत. बायबलच्या मूळ लेखनात स्वरचिन्हे नव्हती. ती तिबेरियाच्या मासोरेट (बायबलचा हिब्रू पाठ जपणाऱ्या) पंडितांनी सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान सिद्ध केली. त्यामुळे केवळ तीन व्यंजने लिहिली तर वाचणारा ‘मनुष्य’ही वाचू शकतो आणि ‘तांबडा’ही. आदाम म्हणजे ‘अलेफ, म्हणजे ईश्वर, आणि दाम, म्हणजे रक्त’ अशी फोड आपल्या वाचनात आली असेल. ती उपदेशासाठी केलेली फोड आहे, व्याकरण नव्हे, आणि तिच्यावरून आदामला रक्ताचा लाल देऊ नये. त्याचा तांबडा मातीचा आहे. आपल्याकडचा गेरू त्याच्या अगदी जवळ जातो.

एसावच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवावा. ‘एसाव’ या नावात तांबडा रंग नाही. तो त्याच्या दुसऱ्या नावात, अदोममध्ये आहे. उत्पत्तीच्या २५व्या अध्यायात तो जन्मतःच ‘आदमोनी’, म्हणजे तांबूस असतो, आणि त्याच अध्यायात थकून आल्यावर भाऊ याकोबाला म्हणतो, ‘ते तांबडे, ते तांबडे मला खाऊ दे’. मुळात तो त्या पदार्थाचे नावसुद्धा घेत नाही, नुसता रंग दोनदा उच्चारतो, आणि लेखक लगेच सांगतो की म्हणून त्याचे नाव अदोम पडले. तो पदार्थ मसुराचा होता हे चार वचनांनंतर कळते. (मसुराची डाळ शिजल्यावर पिवळट होते, हे स्वयंपाकघरातील कोणीही सांगेल, तेव्हा रंग डाळीवरून न घेता केसांवरून घ्यावा, म्हणजे तपकिरीकडे झुकणारा तांबडा.) येथे तांबडा उतावळेपणाचा, हिंस्रतेचा असे अनेक तक्ते सांगतात. परंतु हाच ‘आदमोनी’ शब्द १ शमुवेल १६:१२ मध्ये दाविदासाठी येतो, आणि तेथे तो सुंदर डोळ्यांच्या, निवडलेल्या तरुणाचा रंग आहे. प्राचीन रब्बींनाही हे खटकले. बेरेशीत रब्बा या मिद्राशात, म्हणजे जुन्या यहुदी भाष्यात, असे आहे की, दाविदाला पाहून संदेष्टा शमुवेल घाबरला, हाही एसावसारखा रक्त सांडणारा होणार असे त्याला वाटले. तेव्हा देवाने त्याला दाविदाचे डोळे दाखवले : एसाव आपल्या मनाने मारतो, हा न्यायसभेच्या निर्णयाने मारील. एकच रंग, एकच शब्द, आणि अर्थ माणसागणिक वेगळा. रंगांचे ठराविक अर्थ सांगणाऱ्या तक्त्यांवर माझा विश्वास बसत नाही, त्याचे हे मुख्य कारण आहे.

लाबानमध्ये हीच गोष्ट अधिक ठळक दिसते. लावान म्हणजे पांढरा. चंद्राला कवितेत लेवाना म्हणतात, बर्फाच्छादित लबानोनचे नावही याच धातूचे. पांढरा म्हणजे शुद्धता असे मानणाऱ्याने लाबानचे चरित्र वाचावे : त्याने जावई याकोबाला धाकटी मुलगी राहेल हिच्याऐवजी थोरली लेआ दिली आणि याकोबाच्या म्हणण्याप्रमाणे वेतन दहा वेळा बदलले. पांढरा यशया १:१८ मध्ये क्षमेचा रंग आहे, पण गणना १२ मध्ये मोशेची बहीण मिर्याम हिच्या कोडाचाही रंग तोच आहे. लाबानच्या नावावर लेखकाने जी कोटी केली आहे, ती मला फार आवडते. उत्पत्ती ३०:३७ मध्ये याकोब आपल्या वाट्याची पट्टेदार पिल्ले कळपात निपजावीत म्हणून लिवने नावाच्या झाडाच्या ओल्या काठ्या घेतो, साल सोलून पांढरे पट्टे काढतो आणि आतील ‘लावान’ उघडे पाडतो. झाडाचे नाव, पट्टे आणि उघडे पडणारा पांढरेपणा या सर्वांत सासऱ्याचे नाव घुमत राहते. ज्याने फसवले, त्याच्याच नावाच्या रंगाने जावई आपला हिस्सा वसूल करतो.

आपल्या यादीत नसलेल्या एका नावाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. शास्ते १०:१ मध्ये तोला बिन पुवा नावाचा शास्ता येतो. त्याने २३ वर्षे इस्राएलाचा न्याय केला, याखेरीज त्याच्याविषयी फारसे सांगितलेले नाही. तोला म्हणजे किडा, आणि ‘तोलाअत शानी’ म्हणजे ज्या किड्यापासून किरमिजी रंग काढीत तो. पुआ हे मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहाच्या हिब्रूत मंजिष्ठाच्या जातीच्या वनस्पतीचे नाव आहे, जिच्या मुळांपासूनही लालच रंग निघतो. म्हणजे बापलेकांची नावे दोन लाल रंगांची आहेत, एक किड्याचा आणि एक मुळाचा. ही नावे इस्साखारच्या मुलांच्या यादीतही जोडीने येतात. मराठी पवित्र शास्त्रात या रंगाला ‘किरमिजी’ म्हटले आहे. तो शब्द फारसी ‘किर्मिझ’वरून आला आणि त्याचे नाते संस्कृत ‘कृमि’शी आहे. त्यामुळे निर्गममध्ये निवासमंडपाच्या पडद्यांसाठी सांगितलेले ‘निळ्या, जांभळ्या व किरमिजी रंगाचे सूत’ वाचताना मराठी वाचकाच्या हाती, न कळत का होईना, मूळ शब्दातील किडा शिल्लक राहिलेला असतो.

राहाबच्या नावाचा धातू विस्तार, रुंदी असा आहे. त्यात रंग नाही. तिने इस्राएली हेरांना लपवून वाचवले, आणि तिचा रंग यहोशवा २:१८ मधील, खूण म्हणून खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीतून येतो. ती दोरी ख्रिस्ताच्या रक्ताचे चिन्ह आहे, असे पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या चर्चचा पुढारी क्लेमेंट याने लिहिले, आणि चर्चमध्ये हा अर्थ तेव्हापासून चालत आला आहे. यहुदी वाचक तो मानणार नाही. फलक चर्चसाठी असल्यामुळे आपण तो नि:संकोच घेऊ शकता. यहुदी मित्रमंडळींसाठी काम असते, तर मी नुसती दोरी दाखवून थांबलो असतो.

यहूदा आणि योसेफ यांच्यासाठी मात्र मिद्राशचा आधार घ्यावा लागेल. यहूदाचा धातू स्तुतीचा, योसेफचा भर पडण्याचा. दोन्हींत रंग नाही. परंतु निर्गम २८ मध्ये महायाजकाच्या ऊरपटावर बारा रत्ने आहेत आणि त्यांवर बारा वंशांची नावे कोरलेली आहेत. बेमिदबार रब्बा या मिद्राशाने त्यावरून प्रत्येक वंशाच्या निशाणाचा रंग ठरवला : रऊबेनचे तांबडे, शिमोनचे हिरवे, लेवीचे तृतीयांश पांढरे, तृतीयांश काळे आणि तृतीयांश तांबडे, यहूदाचे आकाशासारखे आणि त्यावर सिंह, जबुलूनचे पांढरे आणि त्यावर जहाज, योसेफचे गडद काळे आणि त्यावर मिसर देश, बन्यामीनचे बारा रंगांचे. बायबलमधील नावे आणि रंग यांची सलग सांगड घालणारा जुना आधार हवा असेल, तर तो हा आहे. तो मध्ययुगात संकलित झालेल्या भाष्यातील आहे, मोशेच्या काळातील नाही, हे खाली बारीक अक्षरांत लिहून टाकावे. योसेफला रंगीबेरंगी धागे द्यावेत असा मोह होईल. पण त्याच्या झग्याचे वर्णन करणारा हिब्रू शब्द लांब बाह्यांचा की पट्ट्यांचा याविषयी वाद आहे, आणि रंगीबेरंगी झगा ग्रीक भाषांतरातून आला आहे. मला स्वतःला काळा योसेफ अधिक बोलका वाटतो.

कबाला या यहुदी गूढविद्येविषयी थोडक्यात सांगतो, कारण आपल्या फलकाला तिची गरज नाही. तेथे रंग सेफिरोतना, म्हणजे देवाच्या गुणरूपांना, दिले आहेत : दयेला पांढरा, न्यायाला लाल, दोहोंच्या मध्यस्थाला हिरवा वा पिवळा. सोळाव्या शतकात गालीलमधील सफेद (त्झफात) या गावचे मोशे कोर्दोवेरो यांनी रंगांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्यातच बजावले की, देवत्वात रंग नाहीत. त्याचे कार्य मनाला कळावे म्हणून ते घेतलेले आहेत.

रंगांची हिब्रू नावे आपल्या रंगपेटीशी तंतोतंत जुळत नाहीत, याचीही नोंद घ्यावी. यारोक या शब्दात पानाचा हिरवा आणि पिवळा दोन्ही येतात. तेखेलेत हा निळा समुद्रातील शंखाच्या प्राण्यापासून निघत असे. हा रंग सागरासारखा, सागर आकाशासारखा आणि आकाश गौरवाच्या सिंहासनासारखे, अशी रब्बी मेईर यांची प्रसिद्ध उक्ती आहे. तालमुदमध्ये या रंगाऐवजी ‘काला इलान’ नावाचा स्वस्त वनस्पतिजन्य निळा विकणाऱ्यांना कडक इशारा दिला आहे, आणि तो रंग म्हणजे नीळ, जिच्यासाठी भारत प्राचीन काळापासून प्रसिद्ध होता. शंखाच्या रंगाला प्रक्रियेच्या वेळी ऊन लागले की त्यातील ब्रोमिन निघून जाते आणि उरतो तो रासायनिक दृष्ट्या निळीचाच रेणू. त्यामुळे यहूदाच्या आकाशी रंगासाठी आपल्याकडे निळीत रंगवलेले सूत मिळाले तर ते खुशाल वापरावे. शंखाचाच निळा हवा ही अट प्रार्थनेच्या वस्त्राच्या गोंड्यांना आहे, फलकाला नाही.

म्हणजे प्रत्यक्ष काम असे करता येईल. प्रत्येक नाव एकाच रंगात असावे, अक्षरागणिक रंग बदलू नये. आदाम गेरूच्या रंगात, एसाव तपकिरी-तांबड्यात, राहाब किरमिजीत. हे तीन लाल एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे दिसतील असे धागे दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून निवडावेत, कारण सभागृहाच्या पिवळ्या दिव्याखाली ते एकसारखे दिसू लागतात. यहूदा आकाशी, योसेफ काळा. लाबानसाठी पांढरा धागा मुळीच वापरू नये : अक्षरांच्या जागी पांढरे कापड तसेच उघडे ठेवावे आणि भोवतालची जागा सालीच्या तपकिरी रंगाने भरून काढावी, म्हणजे याकोबाने काठ्यांवर जे केले तेच आपली सुई करील. स्वरचिन्हे गाळावीत, आदामच्या बाबतीत तर ती नसण्यातच फायदा आहे.

लेखन उजवीकडून डावीकडे आहे आणि काही संगणक प्रणालींत ते नकळत उलटे होते, म्हणून छापील नमुना जाणकाराला दाखवूनच कापडावर उतरवावा. आदामच्या शेवटी अंत्य मेम, लाबानच्या शेवटी अंत्य नून आणि योसेफच्या शेवटी अंत्य पे येते. ही रूपे नेहमीच्या अक्षरांहून वेगळी आहेत. सर्वांत जपावयाचे ते दालेत. दालेत आणि रेश यांच्यात फरक केवळ वरच्या उजव्या कोपऱ्याचा असतो : दालेतचा कोपरा टोकदार व किंचित बाहेर आलेला, रेशचा गोल. या एका कोपऱ्यामुळे बायबलच्या नकलांतही अदोम आणि अराम या देशांच्या नावांची अदलाबदल झालेली आढळते. २ शमुवेल ८:१३ आणि १ इतिहास १८:१२ शेजारी ठेवून पाहावे. भरतकामात कोपरे आपोआप गोलावतात. तेव्हा दालेतच्या कोपऱ्याशी टाका वळवू नये, तेथे तो संपवून नवा सुरू करावा. अन्यथा आदामच्या जागी अराम वाचले जाईल, आणि अरामी होता तो लाबान.